बुटक्या स्टुलावर आई

माझ्या आईला बसलेली मी फारशी पाहिलेली नाही. वेंगुर्ल्याच्या घरात ती पहाटे चुलीपाशी असायची, उन्हं वर आली की विहिरीवर, तिन्हीसांजेला पडवीत केरसुणी घेऊन. जेवायला बसायची तीही सगळ्यांचं झाल्यावर, आणि तेव्हाही एक पाय दुमडून, कुणी काही मागितलं तर पटकन उठता यावं अशा बेतानं. समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ६८ वर्षांत आई त्या समुद्रावर गेली ती नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला, रापण ओढली की मासे घ्यायला, नाहीतर कुणाच्या दिवसकार्याला. नुसतं बसायला म्हणून किनाऱ्यावर गेलेली मला आठवत नाही. पाण्यात घोट्याच्या वर तर कधीच नाही.

एप्रिलमध्ये मला ठाण्याच्या ऑफिसातून दहा दिवसांची सुट्टी मिळाली. आईला फोन करून विचारलं, कुठे जाऊया? ती म्हणाली, "खंयव ने, पण समुद्राक नको. तो घराकडे आसा."

मी तिला समुद्रावरच नेलं. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर क्वी न्योन नावाचं बंदर आहे, तिथे. लोकवस्ती लाखांत आहे, म्हणजे आकारानं ते शहर, पण चाल गावाची. उत्तरेला दा नांग, दक्षिणेला न्या त्रांग, ही दोन्ही नावं पर्यटकांच्या तोंडी असतात. क्वी न्योन मधल्या मधे राहून गेलेलं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. यादी हातात घेऊन धावावं लागणार नाही असं गाव.

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे आणि तिथून क्वी न्योनला तासाभराचं दुसरं. आम्ही दुसरं विमान सोडून रात्रीची रेल्वे धरली, कारण आईचा जीव रेल्वेत रमतो. कोकण रेल्वे आली तेव्हापासून तिला वाटतं की खरा प्रवास म्हणजे खिडकी. हनोई ते सायगॉन (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) हा १,७२६ किलोमीटरचा मार्ग १९३६ साली पुरा झाला. मीटरगेज, एकेरी, समोरून गाडी आली की एका स्टेशनात थांबून तिला वाट द्यायची. आई वरच्या बर्थकडे बघून म्हणाली, अगदी आपल्यासारखंच. गाडीच्या संथपणाचा तिला जराही त्रास झाला नाही. दिएउ त्री नावाच्या स्टेशनात उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. तिथून गाव दहाएक किलोमीटर.

टॅक्सी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली आणि आई पुढे वाकली. "सूर्य पाण्यातून वर येतोय."

मला सांगायला हवं होतं आधीच, पण माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. कोकणात सूर्य सह्याद्रीमागून येतो आणि समुद्रात बुडतो. आमच्या सगळ्या संध्याकाळी पाण्याच्या, सगळ्या सकाळी डोंगराच्या. इथे गाव पूर्वेला तोंड करून बसलेलं. पाण्यातून लाल गोळा वर येताना आईनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. तिनं टॅक्सीतच हात जोडले.

आणि किनारा माणसांनी भरलेला होता. पहाटे पाच-सव्वापाचला! म्हाताऱ्या बायका फुलाफुलांच्या सुती जोडात, म्हणजे सदरा-विजारीसारखा त्यांचा घरातला पोशाख असतो, त्यात कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. कुणी पोहत होतं, कुणी वाळूत हातपाय ताणत होतं, चार-पाच म्हातारे बॅडमिंटनसारखं फूल पायानं उडवायचा खेळ खेळत होते. लांबून बांबूच्या गोल टोपलीहोड्या येताना दिसत होत्या. त्यांना थुंग म्हणतात. धान्य पाखडायच्या सुपाचा आकार मोठा करून त्यात माणूस बसवावा तशी ही होडी, बांबूच्या विणीला राळ थापून जलरोधक केलेली, एकच वल्हं पुढे धरून वळवत आणायची. रात्री खोल पाण्यात दिवे लावून माकुल पकडणाऱ्या मोठ्या नावा नांगरल्या की त्यांच्यातून किनाऱ्यापर्यंत येण्याजाण्याचं काम या टोपल्यांचं.

साडेसातला आम्ही सामान टाकून परत किनाऱ्यावर आलो तर सगळा मोकळा. ऊन चढलं की इथलं कुणी वाळूत थांबत नाही. माणसं अंघोळी करून, नाश्ता करून कामाला लागलेली, किंवा फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर रस्त्याकडे तोंड करून बसलेली, पुढ्यात कॉफी. मला वाटायचं निवांत गावातली माणसं उशिरा उठत असतील. इथे उलट होतं. अर्धा दिवस सातच्या आत संपवून ठेवला की उरलेल्या दिवसाला घाई राहत नाही.

पहिली कॉफी आईनं घ्यायची नाहीच असं ठरवलं होतं. ती चहाची. पण चहा मागितला तर इथे बर्फ घातलेला फिकट चहा येतो, कॉफीबरोबर, फुकट, पाण्यासारखा. त्याला 'चा दा' म्हणतात. 'चा' ऐकून आईचा चेहरा उजळला, पेला हातात आल्यावर पुन्हा उतरला. मग माझ्या पुढ्यात आलेल्या वस्तूकडे तिचं लक्ष गेलं.

काचेच्या जाड पेल्यात तळाला दोन बोटं घट्ट गोड दूध. पेल्यावर ॲल्युमिनियमचं एक बारकं भांडं, त्याचं नाव फिन. खाली भोकांची ताटली, वर डबीसारखा भाग, त्यात कॉफीची पूड, पुडीवर दाबायला आणखी एक भोकांची चकती, आणि झाकण. आधी चमचा-दोन चमचे कढत पाणी घालून पूड फुगू द्यायची. मग डबी भरायची, झाकण ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. चार-पाच मिनिटं. काळाभोर थेंब, मग थांबणं, मग थेंब. दुधात पडल्यावर तो लगेच मिसळत नाही, वर तरंगतो, काळ्याचा एक थर चढत जातो.

आई टक लावून बघत होती. मग म्हणाली, "पिंडयेवरची गळती कशी ठिबकता, तशी."

श्रावणात आमच्या गावच्या देवळात पिंडीवर तांब्याची गळती टांगतात. सोमवारी दुपारी गाभाऱ्यात दुसरा आवाज नसतो. आई म्हणाली तेव्हा मला तो आवाजच ऐकू आला. तिनं पाचही मिनिटं नजर हलवली नाही. झाकण उलटं करून टेबलावर ठेवायचं आणि त्यावर फिन उतरवायचं, म्हणजे उरलेले थेंब टेबलावर सांडत नाहीत, हेही तिनं शेजारच्या माणसाचं बघून उचललं. मी पेला ढवळून बर्फावर ओतला आणि तिला एक घोट दिला. दुसरा तिनं स्वतःच घेतला. तिसऱ्यानंतर मी माझ्यासाठी वेगळी मागवली. २०,००० डोंग एका पेल्याचे, आपले सत्तरच्या आतबाहेर रुपये.

मी स्वतः माटुंग्याच्या फिल्टर कॉफीवर वाढलेली नोकरदार. तिथे डिकॉक्शन आधीच तयार असतं, वरून उकळतं दूध, फेस, वाफ, दोन मिनिटांत पेला रिकामा. फिनची कॉफी जातच वेगळी. व्हिएतनाममध्ये पिकते ती मुख्यतः रोबस्टा, अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असलेली, चवीला कडवट, अंगानं जाड. ती काळपट भाजतात, भाजताना पुष्कळदा लोणी लावतात, म्हणून पूड तेलकट चकाकते आणि वास थोडा चॉकलेटसारखा येतो. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७ मध्ये कॉफीचं झाड या देशात आणलं. ताजं दूध इथे मिळायचं नाही, दुभत्याची परंपराच नव्हती, म्हणून डब्यातलं आटवलेलं गोड दूध आलं, आणि ही अडचणीतून निघालेली जोडी अशी काही जमली की आता ताजं दूध मिळत असूनही कुणाला ते नको आहे. कडू आणि गोड एकमेकांत विरघळून जात नाहीत, दोन्ही आपापल्या जागी शाबूत राहतात. मला ही चव फार आवडली. फार म्हणजे, मी दिवसाला तीन प्यायले आणि रात्री छताकडे बघत पडले.

ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी आज हाच देश पिकवतो. १९८६ साली सरकारनं शेती आणि व्यापार मोकळा केला त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हे घडलं. बागा वर डोंगरपठारावर आहेत, बुओन मा थुओत, प्लेइकू या भागात. क्वी न्योनहून १९ नंबरचा हमरस्ता घाट चढून प्लेइकूला जातो, आणि घाटावरचा माल त्याच रस्त्यानं बंदरात उतरतो. आईला हे सांगितलं तर तिला काही समजावून द्यावं लागलं नाही. घाटावरचा माल बंदरात येणं म्हणजे काय हे वेंगुर्ल्याच्या माणसाला ठाऊक असतं. बेळगावचे बैल आंबोली उतरून आमच्या बंदरात यायचे त्या गोष्टी तिनं तिच्या आजोबांकडून ऐकल्या आहेत. १ जुलै २०२५ पासून तर घाटावरचा जाय लाय आणि किनाऱ्यावरचा बिन्ह दिन्ह असे दोन प्रांत एक झाले, आणि कारभाराचं ठाणं क्वी न्योनला आलं. कॉफीचे मळे आणि ती पिण्याचा किनारा आता एकाच प्रांतात.

आता घावण्यांबद्दल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका गल्लीत शिरलो, वासाच्या मागे. एक बाई पन्नाशीची, समोर सहा बारक्या काळ्या कढया रांगेत, खाली निखारे. पदार्थाचं नाव बान्ह सेओ. 'सेओ' हा तापलेल्या तेलात पीठ पडल्याचा आवाज. आपण चर्र म्हणतो, ते सेओ म्हणतात. दक्षिणेकडे सायगॉनला तो हळद आणि नारळाचं दूध घालून परातीएवढा करतात. इथला पांढरा, तळहाताएवढा, आणि त्याचं पूर्ण नाव बान्ह सेओ तोम न्याय. तोम न्याय म्हणजे उड्या मारणारी कोळंबी. खाडीतली बोटभर कोळंबी इतकी ताजी असावी की टोपलीतून उडी मारेल, असा त्याचा अर्थ.

बाईचे हात बघण्यासारखे होते. पहिल्या कढईत तेलाचं बोट, चार कोळंब्या, त्या लाल व्हायच्या आत डावभर पातळ पीठ, वरून मूठभर मोड आलेले मूग आणि कांद्याची पात, झाकण. तोवर दुसरी. सहावीत पीठ पडेपर्यंत पहिलीचं झाकण निघे, कडा जाळीदार सुटलेल्या, एका हिसक्यात दुमडून ताटलीत. मधे तिनं एकदाही हातातल्या डावाकडे पाहिलं नाही.

आई स्टुलावर बसली होती ती उठली. मी म्हटलं, "आई, बस गं, येईल इथे." ती गेलीच. पिठाच्या पातेल्यावर वाकली, बाईकडे बघून भुवया उंचावल्या, आणि बाईनं मान हलवल्यावर करंगळी बुडवून अंगठ्यानं चोळून पाहिली.

"ह्ये तर आपले घावणे गो! तांदूळ भिजवून रगडललो."

बाईनं शेजारचा ओला दगडी जातं-रगड्यासारखा ऐवज दाखवला, वर तांदूळ पाण्यासकट ओतायचं भोक, बाजूला पन्हळ. आईनं हवेत खुंटा धरून फिरवून दाखवला. दोघी हसल्या. मग आईनं तिला काहीतरी विचारलं, मालवणीत, आणि तिनं काहीतरी उत्तर दिलं, व्हिएतनामीत, आणि आई समाधानानं परत आली. मला म्हणाली, तांदूळ जुना वापरते ती, नवा चिकटतो. हे त्यांनी एकमेकींना कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

खायची पद्धत मात्र आपल्यासारखी मुळीच नाही, आणि तिथेच या जेवणाचा सगळा जीव आहे. टेबलावर पापडासारखे पण लवचीक, पारदर्शक तांदळाचे कागद येतात. एक कागद हातावर घ्यायचा, त्यावर सॅलडचं पान, काकडी, हिरव्या कैरीच्या चकत्या, पुदिना, तुळशीच्या वासाची पानं, आणखी दोन-तीन पाले ज्यांची नावं मला शेवटपर्यंत जमली नाहीत. त्यावर गरम बान्ह सेओ. गुंडाळायचं आणि नुओक माममध्ये बुडवायचं. कुरकुरीत, मग ओलं, मग आंबट, मग पाल्याचा थंडावा, आणि या सगळ्याखाली माशाचा खारटपणा. आपण चटणी-रस्सा वाटताना सगळे वास एकत्र शिजवून एक करतो. हे लोक ते शेवटच्या घासापर्यंत वेगळे ठेवतात आणि एकत्र आणायचं काम खाणाऱ्याच्या हातावर सोपवतात.

नुओक मामचा पहिला वास आईला सुकटीच्या डब्याचा वाटला, आणि तिचं नाक चुकत नाही. बारीक मासळी आणि मीठ, साधारण तीनास एक या प्रमाणात, पिंपात दाबून वर्षभर ठेवलं की खाली जो तांबूस रस सुटतो तो नुओक माम. जेवताना त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि पाणी घालतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून आपण मासळी सुकवली, त्यांनी मुरवली. 'नुओक' म्हणजे पाणी. याच शब्दाचा दुसरा अर्थ देश. ज्या भाषेत पाणी आणि देश एकाच शब्दानं सांगतात तिच्या माणसांना पहाटे पाच वाजता समुद्रात उभं राहावंसं वाटणारच.

सकाळचा नाश्ता आणखी जवळचा निघाला. बान्ह होय. तांदळाच्या पिठाच्या केसासारख्या बारीक शेवया, दाबून, उकडून, लहान लहान चटयांसारख्या रचलेल्या, वरून तेलात परतलेली लसणीच्या वासाची पात. बरोबर डुकराच्या काळजा-आतड्यांची पेज देतात. ती आई खात नाही, मी खाल्ली, आणि पहाटे समुद्रात डुंबून आलेल्या माणसाला ती का हवीशी वाटते ते कळलं. आईनं नुसत्या शेवयांची एक चटई उचलून बोटांनी सुटी केली. "शिरवाळे," ती म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली. "नारळाचो रस होयो होतो." गूळ-वेलचीचा तो रस. आजी शेवग्यावर, म्हणजे शेवयांच्या साच्यावर, पीठ दाबायची तेव्हा खाली आई हात फिरवून वेटोळी घालायची, हे तिनं तिथे सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. आमच्या घरातला तो लाकडी शेवगा मी लहानपणापासून माळ्यावरच बघत आले आहे.

सोमवारी आई मासे खात नाही. परदेशात तिचं काय होणार ही माझी मोठी काळजी होती आणि ती सर्वांत सोपी निघाली. व्हिएतनामी बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशेबानं अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला, निरामिष जेवतात. त्या जेवणाला 'चाय' म्हणतात आणि त्याची वेगळी खानावळ गल्लोगल्ली असते. पाटीवर तेवढा एक शब्द ओळखायचा. भात, टोफू, अळंबी, केळफुलाची कोशिंबीर. केळफूल पाहून आईचा सोमवार साजरा झाला.

पाट्या मला वाचता यायच्या, अर्थ कळत नसला तरी, कारण व्हिएतनामी रोमन लिपीत लिहितात. यामागची एक गोष्ट मला तिथे सारखी आठवत राहिली. क्वी न्योनच्या जवळच नुओक मान नावाचं जुनं बंदर होतं, आता गाळानं बुजलेलं. १६१८ साली जेझुइट पाद्री तिथे राहिले, आणि इथली भाषा रोमन अक्षरांत बसवायची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली त्यांतलं ते एक. त्याच्या फक्त दोन वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघालं होतं, तेही रोमन अक्षरांतच. पुढे व्हिएतनामीचा मोठा शब्दकोश करणारे अलेक्झांद्र द रोद पूर्वेकडे येताना गोव्यात राहून गेले होते. त्यांचा कोश रोममध्ये १६५१ ला छापला. तीच माणसं, तेच जहाजांचे मार्ग, तीच अक्षरं. त्यांच्याकडे ती कायमची रुजली, मराठीला नाही. आमच्याजवळ गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या कोकणीत मात्र ती आजही आहेत. वेंगुर्ल्याहून गोव्याची हद्द किती लांब? कॉफीच्या दुकानाची पाटी अक्षर अक्षर लावून वाचताना मला आमच्या बाजाराच्या दिवशी पेडण्याहून येणाऱ्या बायकांची आठवण व्हायची.

आणि त्याहीआधीचं नातं टेकडीवर उभं आहे. हा सगळा मुलूख चाम लोकांच्या शिवपूजक राजांचा होता. इथून जवळच त्यांची राजधानी होती, नाव विजय. १४७१ मध्ये व्हिएतनामी राजानं ती घेतली. विटांची शिवमंदिरं राहिली. गावाबाहेरच्या टेकडीवर चार बुरूज आहेत, अकराव्या-बाराव्या शतकांतले, आणि लोक त्यांना बान्ह इत म्हणतात, कारण लांबून ते त्या नावाच्या खाऊसारखे दिसतात. हा खाऊ म्हणजे चिकट तांदळाची, एका पाल्याच्या रसानं काळी झालेली उकड, आत मुगाचं किंवा नारळाचं गोड सारण, केळीच्या पानात त्रिकोणी बांधून उकडलेली. खायच्या वस्तूवरून देवळाला नाव पडावं इतका तो लोकांच्या रोजच्या हातातला. आईनं टेकडीच्या पायऱ्या थांबत थांबत चढल्या. वरची मूळ शिवमूर्ती पॅरिसच्या गिमे संग्रहालयात गेलेली आहे, आत प्रतिकृती आहे. आईला मी हे सांगितलं. ती आत गेली, पदर डोक्यावरून घेतला, आणि तिनं पिशवीतला पानात बांधलेला एक बान्ह इत काढून मूर्तीपुढे ठेवला. "उकडीचो आसा, चलता," म्हणाली.

दुपारचं गाव मला सगळ्यांत आवडलं. साडेअकरा ते दीड कुणी कुणाला हाक मारत नाही. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं, आत मालकीण फरशीवर चटई टाकून झोपलेली. रिकामे स्टूल. कॉफीच्या काही दुकानांत झोळीसारखे झोपाळे बांधलेले असतात, एक कॉफी घेऊन त्यात पडून राहायचं. वामकुक्षी हा शब्द आपल्याकडेही आहे, पण ती आपल्या घरी पुरुषांनी घ्यायची असते. इथे बायकाही झोपलेल्या. पहिल्या दिवशी आई त्या झोपलेल्या मालकिणीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती स्वतः झोपाळ्यात होती, चष्मा छातीवर, आणि मी तिच्या शेजारी बसून फिन ठिबकताना ऐकत होते. तेवढ्या दोन तासांसाठी मी इतके पैसे खर्च केले असते तरी चाललं असतं.

इथले लोक एकमेकांना 'तू' किंवा 'तुम्ही' असं कोरडं म्हणत नाहीत. ताई, धाकटी बहीण, काकू, आजी, वयाप्रमाणे नात्यानंच बोलायचं. आईला सगळे 'बा' म्हणत, म्हणजे आजी. पहाटे पाण्यात उभ्या असणाऱ्या बायकाही. त्या रोज तिला हात करून बोलवायच्या आणि ती रोज वाळूत उभी राहून मान हलवून नको म्हणायची. सहाव्या पहाटे त्यांच्यातली एक, आईच्याच वयाची, पाण्यातून निथळत वर आली, काही न बोलता आईचा हात धरला आणि चालू लागली. मी चपला हातात घेऊन मागे उभी. आईनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं. पाणी घोट्याला, पोटऱ्यांना, गुडघ्याला. लाट आली तशी तिनं साडी वर धरली, दुसरी आली तेव्हा सोडून दिली. कमरेइतक्या पाण्यात त्या सात-आठ जणींनी तिला मधे घेतलं. समोरून सूर्य वर येत होता म्हणून मला नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या, त्यांतली कुठली माझी आई ते फक्त अंबाड्यावरून कळत होतं.

अर्ध्या तासानं ती वर आली. ओठ थरथरत होते, डोळे लाल. "आपल्या दर्यापेक्षा ह्यो गरीब," एवढंच म्हणाली.

त्या बायका रोज बसतात त्या फुटपाथवरच्या दुकानात आम्हीही गेलो. त्यांनी सरकून जागा केली. आई ओल्या साडीनिशी बुटक्या स्टुलावर बसली, दोन्ही पाय पुढे सोडून. दुकानातली मुलगी आली तशी मी तोंड उघडलं, पण आईनं हात वर केला.

"का फे सुआ दा," ती म्हणाली, आणि दूध किती ते दोन बोटं आडवी धरून दाखवलं.